लेण्यांवरचे शेवाळ आणि आपल्या हातातला तारेचा ब्रश

पावसाळा सरला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लेणी स्वच्छता मोहिमांचे फोटो येऊ लागतात. पंचशील ध्वज, निळ्या टोप्या, हातात झाडू आणि घमेली, शेवटी सामूहिक त्रिसरण-पंचशील. हे फोटो पाहून ऊर भरून येतो. ज्या लेण्यांना पिढ्यान्पिढ्या "पांडवांनी एका रात्रीत कोरली" म्हणून सांगितले गेले, तिथे आज आपली मुले-मुली रविवारची सुट्टी घालवून कचरा उचलतात आणि धम्मलिपी वाचतात. ही साधी गोष्ट नाही.

पण अशाच एका फोटोने आम्हाला अस्वस्थ केले. एका शिलालेखाचा अर्धा भाग काळसर-हिरव्या थराने झाकलेला, अर्धा घासून फिकट केलेला. बाजूला तारेचा ब्रश घेतलेला हसरा तरुण. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा घासलेल्या भागातल्या अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या. लेण्याचे नाव आणि गटाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण चूक त्या एका तरुणाची नाही. काही वर्षांपूर्वी असाच ब्रश आमच्याही हातात होता. कुणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कुणाला विचारले नव्हते.

म्हणून हा लेख. लेण्यांवर वाढणारे शेवाळ, दगडफूल, बुरशी आणि झाडे यांचे करायचे काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण आपल्या इतिहासाचा पुरावा टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कांस्यकारांची श्रेणी आहे. कुड्याच्या लेखांत माळी आहे. कार्ल्याच्या चैत्याचे दार घडवणारा सुतार आपल्या नावानिशी उभा आहे. कष्टकरी माणसांनी बुद्धाच्या संघाला दान दिले, याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही. तो काही मिलिमीटर खोल कोरलेल्या रेषांत आहे. ती रेषा गेली की दाता गेला.

दगडावर नेमके काय वाढते?

आपण सगळ्याला सरसकट "शेवाळ" म्हणतो. तिथून घोटाळा सुरू होतो.

पहिला प्रकार म्हणजे पातळ हिरवा किंवा काळा थर. यात शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव असतात. पावसाळ्यात हिरवे दिसणारे हे थर उन्हाळ्यात वाळून काळे पडतात. लेण्यांच्या दर्शनी भागावर वरून खाली ओघळलेले काळे पट्टे असतात, त्यातले बरेचसे हेच. दगडाचे थेट नुकसान ते हळू करतात, पण ओल धरून ठेवतात आणि पुढच्यांसाठी जागा तयार करतात.

दुसरा प्रकार दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याच्याच कुळातले. शैवाल आणि बुरशी यांचा हा एकत्र संसार असतो. त्यातल्या बुरशीचे केसाहून बारीक तंतू दगडाच्या कणांमध्ये शिरतात. ओले झाले की फुगतात, वाळले की आकसतात. त्यातून ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्ले बाहेर पडतात आणि दगडातली खनिजे हळूहळू सैल होतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. वाळलेले दगडफूल खरवडले की ते एकटे निघत नाही, तंतूंनी धरलेले दगडाचे कणही सोबत घेऊन निघते. म्हणजे दगडफुलाने शंभर वर्षांत जेवढे केले नसते, तेवढे आपण अर्ध्या तासात करतो.

तिसरा प्रकार मॉस आणि नेचे. साचलेल्या मातीवर आणि सतत ओल असलेल्या भेगांत हे वाढतात. चौथा आणि सर्वांत घातक प्रकार मोठ्या झाडांचा. पिंपळ, वड आणि उंबर यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून कपारीत पडतात, मूळ भेगेत उतरते आणि जाड होत जाते. पाचर ठोकून खडक फोडतात, तसेच हे काम चालते.

अजिंठ्यासारख्या चित्रांच्या लेण्यांत बुरशीबरोबर कीटकही येतात, कारण चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत आणि तेच त्यांचे खाद्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या १२ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे मांडले होते. त्या तंतूंमुळे तिथे किडीचा उपद्रव कमी राहिला असावा, असे अभ्यासकांचे म्हणणे होते. लेणी घडवणारे आपले पूर्वज किती विचार करून साहित्य निवडत होते, हे यावरून कळते.

आधी पाणी, मग बाकी सगळे

जगभरच्या संवर्धन शास्त्राचा पहिला नियम साधा आहे. ओल आहे तिथे वाढ आहे. ओल थांबवली नाही तर कोणतेही औषध मारा, दोन-चार पावसाळ्यांत सगळे परत येते.

आपली बहुतेक लेणी सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात आहेत. दगड कठीण, पण त्यात थर आहेत, सांधे आहेत, भेगा आहेत. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस या सांध्यांतून झिरपत लेण्याच्या छतात आणि मागच्या भिंतीत उतरतो. कार्ले, भाजे किंवा कान्हेरीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दगड वाळायला उसंतच मिळत नाही.

हे लेणी कोरणाऱ्यांना माहीत नव्हते काय? चांगलेच माहीत होते. कान्हेरीला जाऊन पाहा. डोंगरउतारावर खडकात खोदलेल्या पन्हळी आहेत. वाहते पाणी त्या पोढ्यांकडे वळवतात. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. शेकडो भिक्खूंना उन्हाळ्यात पाणी मिळावे आणि पावसाळ्यात विहार कोरडा राहावा, ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेने होत होती. उपासकांनी पोढी दान दिल्याचे लेख तिथे आहेत. पाण्याची सोय हेही पुण्याचे काम होते.

अशा पन्हळी माती, पालापाचोळा आणि प्लास्टिकने बुजल्या की पाणी वाट सोडून दर्शनी भागावरून ओघळते आणि जिथे ओघळते तिथे शेवाळ धरते. अशा जागी खाली उभे राहून शेवाळ घासणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

म्हणून क्रम असा हवा. पावसाळ्यापूर्वी लेण्यांवरच्या उतारावरच्या पन्हळी मोकळ्या करणे, पाणी कुठून शिरते याचा नकाशा करणे, वरच्या भेगा योग्य साहित्याने बुजवणे. हे "योग्य साहित्य" महत्त्वाचे आहे. सिमेंट बेसाल्टशी जुळवून घेत नाही आणि त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात उतरतात. हे सगळे झाल्यावर दगडाच्या पृष्ठभागाकडे वळायचे.

आपल्याकडे उलट होते. पन्हळ मोकळी केल्याचा फोटो कुणी काढत नाही. काळी मूर्ती उजळ केल्याचा "आधी आणि नंतर" फोटो मात्र सगळीकडे फिरतो. खात्याच्या कामातही आणि आपल्या मोहिमांतही हा दोष सारखाच आहे.

रासायनिक सफाई म्हणजे काय?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनहून चालते. दगडावरची वाढ काढण्याची तिची रूढ पद्धत थोडक्यात अशी. अमोनियाचे पातळ द्रावण आणि सौम्य डिटर्जंट लावायचे, नायलॉनच्या मऊ ब्रशने घासायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे. मग जीवनाशक, म्हणजे शैवाल-बुरशी मारणारे औषध, लावायचे. शेवटी कधी कधी पाणी आत शिरू नये म्हणून लेप द्यायचा.

तज्ज्ञ हातांनी, नमुना चाचणी घेऊन, गरज असेल तिथेच केले तर ही पद्धत उपयोगी आहे. पण तिच्या मर्यादा आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतल्या पाहिजेत. त्याशिवाय आपल्याला नीट प्रश्न विचारता येणार नाहीत.

पहिली मर्यादा लेपाची. लेण्यात पाणी बहुतेक वेळा समोरून नाही, मागून, डोंगरातून येते. समोर पाणीरोधक लेप दिला की मागून आलेली ओल आणि क्षार त्याच्यामागे अडकतात आणि काही काळाने दगडाचा पापुद्रा सुटतो. दुसरी मर्यादा औषधाची. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे फवारलेले औषध पहिल्या पावसात पोढ्यांत आणि ओढ्यात जाते. तिसरी मर्यादा घासण्याची. प्रत्येक सफाईत थोडा दगड जातोच. दर काही वर्षांनी तोच भाग घासत राहिलो तर मूर्तीचे नाक-डोळे स्वच्छ होत होतच नाहीसे होतील.

याचा मोठा धडा आपल्याच देशाच्या नावावर आहे. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कंबोडियातल्या अंगकोर वाट येथे काम केले. मूळचे हे विष्णुमंदिर पुढे बौद्ध उपासनास्थान झाले आणि आजही आहे. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात जायला तेव्हा फारसे कुणी तयार नव्हते. भारत गेला, हे श्रेय द्यायलाच हवे. पण तिथल्या वालुकाश्मावर अमोनिया, जीवनाशक आणि कृत्रिम लेप यांचा जो वापर झाला, त्यावर जगभरातून टीका झाली. दगडाचा जुना, स्थिरावलेला पृष्ठभाग सफाईत गेला, असा आक्षेप होता.

दोन गुहा, दोन धडे

फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. माणसांच्या श्वासाने, घामाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर हिरवे शैवाल धरले. १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. बंद केल्यावरही दुखणे संपले नाही. २००१ मध्ये पांढरी बुरशी उसळली. तिच्यावर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जीवनाशक वापरले गेले. त्याने काही जीव मेले, पण त्या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे फावले, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. नंतर काळे डाग आले. जगातले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ आणि हवा तेवढा पैसा असूनही एका गुहेचे सूक्ष्मजीवांचे गणित एकदा बिघडले की परत बसवता येत नाही, हा लास्कोचा धडा. तिथे वापरलेल्या गटातलीच औषधे आज जगभर दगडी वारशावर वापरली जातात. ती निषिद्ध नाहीत, पण पहिला उपाय म्हणून ती नकोत.

दुसरा धडा आपल्या जवळचा आहे. इंडोनेशियातले बोरोबुदूर. १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने या महास्तूपाचे मोठे जीर्णोद्धार काम सुरू झाले आणि १९८३ मध्ये पूर्ण झाले. शिल्पपट्टांवरचे शेवाळ आणि दगडफूल हे तिथले मोठे दुखणे होते. पण त्यांनी नुसती सफाई केली नाही. शिल्पांच्या भिंती दगडादगडाने उतरवल्या, मागे पाण्याचा निचरा होईल अशी व्यवस्था बसवली आणि मग दगड स्वच्छ करून पुन्हा रचले. दगडफूल काढण्यासाठी रसायनांचा लेप वापरला. तरीही उष्ण, दमट हवेत वाढ पुन्हा पुन्हा येतच राहिली. म्हणून तिथे कायमस्वरूपी संवर्धन कार्यालय उभे राहिले. अलीकडच्या काळात तिथे सिट्रोनेलासारख्या सुगंधी तेलांचे प्रयोग झाले आहेत, कारण तीव्र रसायनांचा दगडावर, कामगारांवर आणि परिसरावर होणारा परिणाम त्यांना टाळायचा होता.

इतरही वाटा शोधल्या जात आहेत. अतिनील किरणांच्या दिव्याने गुहांतल्या शैवालाचा पातळ थर मारता येतो, पण रंगकाम असलेल्या भिंतीवर तो धोक्याचा ठरू शकतो. ओले दगडफूल साधारण ५५ अंश उष्णतेत काही तासांत मरते, कोरडे मात्र तग धरते, असे इटलीतल्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे औषधाशिवायही ते मारता येते. मेलेले दगडफूल मग काही महिन्यांत आपोआप सैल होते आणि मऊ ब्रशने निघते. या सगळ्या वाटांत एक गोष्ट समान आहे. आधी मारायचे, मग थांबायचे, मग हलक्या हाताने काढायचे. संवर्धनाचे काम सावकाश चालते. एका रविवारी ते उरकत नाही.

पिंपळाचे काय करायचे?

हा प्रश्न आपल्या मनाला भिडणारा आहे. चैत्याच्या दर्शनी भागात, कपारीत पिंपळाचे कोवळे रोप दिसले की आपल्यातला उपासक हात जोडतो. बोधिवृक्षच तो. तो उपटायचा कसा? काही ठिकाणी लोकांनी अशा रोपाला पाणी घातलेलेही आम्ही पाहिले आहे.

आम्ही स्पष्ट बोलतो. लेण्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ वेळीच काढला पाहिजे. तथागतांना बोधी प्राप्त झाली ती पिंपळाखाली, पण त्यासाठी पिंपळ चैत्य फोडत वाढला पाहिजे असे कुठे आहे? रोप बोटभर असताना मुळासकट निघते. ते आपल्या वस्तीतल्या विहाराच्या अंगणात लावता येते. याहून सुंदर धम्मकार्य कोणते?

उशीर झाला तर प्रकरण वेगळे. नुसती फांदी तोडली तर पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो आणि आतले मूळ जाड होतच राहते. त्यासाठी कापलेल्या बुंध्यावर लगेच, ब्रशने, मोजके तणनाशक लावून मूळ मारावे लागते, आणि हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. मूळ फारच मोठे झाले असेल तर तेच सैल दगड धरून ठेवत असते. ते ओढून काढले तर दगड कोसळतो. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात झाड आणि दगड एकमेकांत इतके गुंतले आहेत की तिथे प्रत्येक झाडाचा वेगळा निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडे ती वेळ येऊ नये म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कोवळी रोपे काढण्याचा नियमित कार्यक्रम हवा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

आपल्याच सवयींचा हिशेब

अतिक्रमणाविरुद्ध आपण बोलतो. शेंदूर फासला, लेण्यात नवे मंदिर उभे केले, नाव बदलले, तर आपण आवाज उठवतो आणि तो उठवलाच पाहिजे. पण शेंदूर फासणाऱ्याचा हात आणि तारेचा ब्रश चालवणारा हात यात दगडाला फरक कळत नाही. म्हणून हा हिशेबही मांडू.

मेणबत्ती. चैत्यात स्तूपाच्या पायाशी मेणबत्त्या लावल्या की काजळी छताला बसते, मेण दगडात मुरते आणि त्यावर धूळ धरते. वंदना मेणबत्तीशिवायही होते.

फुले आणि हार. वाहिलेली फुले तशीच सोडून गेलो की ती कुजतात. कुजलेली फुले बुरशी आणि शैवालाला खतासारखी असतात. आणलेली फुले परत घेऊन जाणे ही सवय लावून घेऊ.

तेल. मूर्ती चमकावी म्हणून तेल चोळणारे आपल्यातही आहेत. तेलावर धूळ बसते आणि त्या थरात वाढ होते.

खडू आणि पीठ. धम्मलिपीचा लेख वाचता यावा म्हणून अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरणे तर सर्रास चालते. हे थांबलेच पाहिजे. अक्षर वाचायचे असेल तर संध्याकाळी किंवा अंधाऱ्या भागात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. अक्षरांच्या सावल्या उठतात आणि मोबाईलवर लख्ख फोटो येतो. दगडाला हात लावायची गरज पडत नाही.

आणि सफाईचे साहित्य. तारेचा ब्रश, लोखंडी खरवडणी, आम्ल, शौचालय साफ करण्याचे द्रावण, ब्लीचिंग पावडर, गाड्या धुण्याचा जोरदार फवारा, चुना आणि ऑइल पेंट यांपैकी काहीही लेण्यात नेऊ नका. आम्ल बेसाल्टमधली खनिजे खाते. ब्लीचिंगचे क्षार दगडात राहतात आणि दगड आतून फुगवतात. जोरदार फवारा आधीच सैल झालेले कण उडवून लावतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. श्रद्धेने घासले म्हणून कायदा वेगळा लागत नाही. अतिक्रमण करणारे मोकळे आणि सफाई करणारी आपली पोरे पोलीस ठाण्यात, अशी वेळ आपणच आणून द्यायची का?

मागणी काय करायची?

आता दुसरी बाजू. आपण हात आवरायचा, म्हणजे खात्याने हात वर करायचे असा त्याचा अर्थ नाही. २०२२ मध्ये संसदीय स्थायी समितीच्या अहवालात आलेली आकडेवारी बोलकी आहे. केंद्राच्या संरक्षणाखालच्या ३,६९३ स्मारकांसाठी सुमारे सात हजार रक्षकांची गरज असताना २४८ ठिकाणी मिळून २,५७८ रक्षक होते. जिथे साधा चौकीदार नाही, तिथे पन्हळीतली माती कोण काढणार? आडवळणावरची छोटी लेणी यात सर्वांत मागे राहतात, आणि आपला वारसा मोठ्या प्रमाणात तिथेच आहे.

२०२३ मध्ये सरकारने स्मारके दत्तक देण्याच्या योजनेची दुसरी आवृत्ती आणली. त्यात कंपन्यांनी स्वच्छता, सुरक्षितता, माहिती आणि पोहोचण्याच्या सोयी यांवर खर्च करावा, अशी कल्पना आहे. तिकीट खिडकी, शौचालय आणि दिवे यांची गरज आम्ही नाकारत नाही. पण रंगीत दिव्यांनी लेणे उजळले की पाण्याची गळती थांबत नाही. उलट लेण्याच्या आत सतत दिवे राहिले तर शैवालाला प्रकाश मिळतो, हे लास्कोने दाखवले आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक लेणीसमूहासाठी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर देखभालीचे वेळापत्रक जाहीर करा. पाण्याच्या निचऱ्याचे काम रासायनिक सफाईच्या आधी झाले पाहिजे. सफाई कोणत्या तारखेला, कोणत्या भागावर, कोणत्या रसायनाने आणि किती तीव्रतेने केली, याची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. शिलालेखांवर कोणतेही काम करण्यापूर्वी त्यांचे त्रिमितीय छायांकन झाले पाहिजे. आणि स्थानिक तरुणांना, विशेषतः पायथ्याच्या वस्त्यांतल्या मुला-मुलींना, या कामाचे पगारी प्रशिक्षण मिळाले पाहिजे.

हे मागायला मोर्चाच लागतो असे नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या जवळच्या लेण्यात गेल्या पाच वर्षांत निचऱ्यावर किती खर्च झाला, रासायनिक सफाई कितीदा झाली, कोणते औषध वापरले, सफाईआधीचे फोटो आहेत का, असे चार प्रश्न पुरे आहेत. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला तरी वर्षभरात महाराष्ट्रातल्या लेण्यांचे एक खरे चित्र तयार होईल.

आणि लेणी संवर्धन गटांनी एक काम आजपासून करावे. ठरलेल्या दहा जागा निवडा. दर वर्षी मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर महिन्यांत, त्याच जागी उभे राहून, फुटपट्टी शेजारी धरून, दगडाला न टेकवता, फोटो काढा. तारीख लिहा. पाणी कुठून गळते, रोप कुठे उगवले, काळा पट्टा किती वाढला, हे वहीत नोंदवा. तीन वर्षांची अशी वही हातात असलेल्या कार्यकर्त्याला कोणताही अधिकारी "तुम्हाला काय कळते" असे म्हणू शकणार नाही.

महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे असावे, यासाठी आज देशभर आंदोलन सुरू आहे. १९४९ च्या कायद्याविरुद्धची ती लढाई न्याय्य आहे आणि आम्ही तिच्यासोबत आहोत. पण ज्या दिवशी आपण "आमचा वारसा आमच्या हाती द्या" म्हणतो, त्या दिवशी तो सांभाळायचे ज्ञानही आपल्या हाती असले पाहिजे. हक्काची मागणी आणि देखभालीची तयारी एकत्र चालली तर तिला कुणी अडवू शकत नाही.

राजगृहातला पहिला महिना

शेवटी एक आठवण. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे अर्हत भिक्खू राजगृहात वर्षावासासाठी जमले. प्रथम संगीती व्हायची होती. धम्म आणि विनय यांचे संगायन करून ते जतन करायचे होते. याहून तातडीचे काम कोणते असू शकते? तरी विनयपिटकातल्या चुल्लवग्गाच्या वृत्तांतानुसार त्यांनी वर्षावासाचा पहिला महिना मोडक्या-पडक्या विहारांच्या दुरुस्तीला दिला. त्या कामाला पालीत खंडफुल्ल दुरुस्त करणे म्हणतात, आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली होती असे भिक्खूंनी सांगितले. संगायन त्यानंतर झाले.

ही परंपरा आपल्या मातीतही उतरली. कान्हेरीच्या एका शिलाहारकालीन लेखात एका मंत्र्याने दिलेल्या दानाची वाटणी कोरली आहे. बुद्धपूजेसाठी, विहाराच्या दुरुस्तीसाठी, भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि ग्रंथांसाठी वेगवेगळी रक्कम. दुरुस्तीचा हिस्सा दान देतानाच बाजूला काढलेला. अकराशे वर्षांपूर्वीच्या उपासकाला कळत होते की लेणे एकदा कोरून भागत नाही, दर पावसाळ्यात त्याच्याकडे पाहावे लागते.

येत्या वर्षावासात आपणही पहिला महिना असाच देऊ. पन्हळीतली माती काढायची असेल तर आधी खात्याची लेखी परवानगी घेऊन, त्यांच्या माणसाला सोबत घेऊन. मऊ झाडू, घमेले, वही आणि मोबाईल एवढेच साहित्य न्यायचे. तारेचा ब्रश घरी ठेवायचा. आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये गटावर टाकायचा फोटो उजळलेल्या शिलालेखाचा नसेल. तो मोकळ्या झालेल्या पन्हळीचा असेल, आणि तिच्यातून पोढीकडे वाहणाऱ्या पाण्याचा.

नमो बुद्धाय. जय भीम.